गभरामणची नोंद

"सुलभाबेन, हे बघा आणि मला सांगा. सिस्टिमने बरोबर केलंय की चूक?"

परागभाईंनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. परागभाई आमचे प्रोजेक्ट हेड. वयाने माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, पण हुशार माणूस. स्क्रीनवर एकच ओळ होती. आदल्या दिवशी सकाळी आठच्या सुमारास हॉस्पिटलच्या मेसेज-लाइनवर आलेला मेसेज.

‘माझ्या मिस्टरांना पहाटेपासून गभरामण होते आहे. काय करू.’

त्याच्यापुढे आमच्या सिस्टिमने लावलेला वर्ग : भीती, चिंता. त्याच्यापुढे रंग : हिरवा. आणि खाली आपोआप गेलेलं उत्तर : ‘शांत बसा. पाणी प्या. दीर्घ श्वास घ्या. आमच्या नर्स दिवसभरात तुम्हाला फोन करतील.’

"चूक," मी म्हटलं. "हा हार्टचा पेशंट असू शकतो."

"होताच. आयसीयूमध्ये आहे. दुपारी चार वाजता रिक्षात घालून आणला."

मी पुन्हा ती ओळ वाचली. आठ ते चार.

"हेतलबेनची ड्युटी होती," परागभाई म्हणाले. "हॉस्पिटलचं म्हणणं आहे की नर्सने दर तासाला हिरवी यादीसुद्धा वाचायची असते. त्यांनी वाचली नाही. त्यामुळे आपल्यावर काही येत नाही. तरी तुम्ही लॉग बघून ठेवा. कोणी विचारलं तर तयारी असावी."

मी हो म्हटलं आणि माझ्या टेबलावर आले.

मी डेटाबेस सांभाळते. वीसहून जास्त वर्षं हेच करते आहे. आमची कंपनी लहान, अलकापुरीत एका बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यावर. हे काम शहरातल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलचं होतं. लोकांनी मोबाइलवर आपला त्रास लिहून पाठवायचा, सिस्टिमने तो वाचून रंग लावायचा. लाल म्हणजे नर्सने लगेच फोन करायचा. पिवळा म्हणजे तासाभरात. हिरवा म्हणजे दिवसभरात कधीतरी. नर्स दोन आणि मेसेज शेकडो, म्हणून ही व्यवस्था.

आता बडोद्यात लोक लिहितात कसं, ते सांगायला हवं. मराठी माणूस अर्धं मराठी लिहितो, अर्धं गुजराती, मधे हिंदी. गुजराती माणसाचंही तेच. ‘पोटात चूंक येते.’ ‘अंगात कळतर आहे.’ ‘पायाला खाली चढली.’ चूंक म्हणजे कळ, कळतर म्हणजे ठणका. आणि यातलं ‘खाली’ म्हणजे मराठीतलं वर-खाली नव्हे. पायाला मुंग्या येऊन तो बधिर होतो, ते. कम्प्युटरला हे कळणार कुठून? त्यासाठी शब्दांचं टेबल लागतं. टेबल म्हणजे रकाने आखलेली मोठी वही समजा. एका ओळीत एक शब्द, त्याची भाषा, अर्थ, आजाराचा वर्ग, रंग, आणि तो शब्द आपल्याकडे कुठून आला ते. या एका ओळीला आम्ही रेकॉर्ड म्हणतो.

आमचे शब्द मुख्यतः दोन ठिकाणांहून आले होते. एक, तयार शब्दकोशांचा डेटा. मराठी, गुजराती, हिंदी, तिन्ही. नीटनेटका, शुद्ध, तज्ज्ञांनी तपासलेला. आणि दुसरं ठिकाण म्हणजे हेतलबेन.

हेतलबेन त्या हॉस्पिटलच्या जुन्या स्टाफ नर्स. सगळी नोकरी वॉर्डात गेली. गुडघे गेले म्हणून डेस्कवर बसवलं. सिस्टिम तयार होत होती तेव्हा दोन महिने त्या रोज दुपारी आमच्या ऑफिसात यायच्या आणि पेशंट काय काय बोलतात ते सांगायच्या. मी टाइप करायचे, नंतर त्या स्वतःच टाइप करायला लागल्या. शब्द सांगताना त्यांचा हात आपोआप अंगावर त्या जागी जायचा. ‘कळतर’ म्हणताना दंड चोळायच्या. ‘मूंझारो’, म्हणजे घुसमट, म्हणताना गळ्याच्या खाली पंजा दाबायच्या. त्यांना डेटाबेस कळत नव्हता. पण कुठला पेशंट कुठला शब्द कसा बोलतो, ते त्यांना पाठ होतं.

त्या दिवशी मी लॉग उघडला. ऑडिट लॉग म्हणजे डेटाबेसची रोजनिशी. कोणी, कधी, कुठल्या रेकॉर्डला हात लावला, हे तिच्यात आपोआप उतरतं. मी ‘गभरामण’ शोधला. दोन ओळी आल्या.

पहिली : शब्द टाकला. टाकणार हेतलबेन.

दुसरी : शब्द मर्ज केला. म्हणजे दुसऱ्या रेकॉर्डमध्ये विलीन केला. करणार s_mohite.

मी सुलभा मोहिते.

दुसऱ्या ओळीत हेतलबेनचा रिमार्कही राहिला होता. त्यांनी रोमन लिपीत, हिंदीत लिहिलं होतं. ‘छाती पे हाथ रख के बोले तो हार्ट. लाल. मर्ज नहीं करना.’

काय झालं होतं ते मला तेवढ्यात समजलं. सिस्टिम सुरू व्हायच्या आधी टेबलात डुप्लिकेट फार झाले होते. एकच शब्द कोशातून आलेला आणि हेतलबेननेही टाकलेला. हॉस्पिटल घाई करत होतं. मी एक नियम बनवला : शब्द सारखा असेल तर कोशाचं रेकॉर्ड ठेवायचं, माणसाने टाकलेलं काढायचं. कोशाला वजन पाच, माणसाला दोन. तरी आंधळेपणाने नको म्हणून मी एक स्क्रीन केला. त्यावर जोडी दिसायची आणि मी ‘हो’ किंवा ‘नाही’ दाबायचं. रिमार्क बघायचा तर बाजूच्या लहान बाणावर क्लिक करायचं. तो बाणही मीच ठेवला होता, स्क्रीनवर गर्दी नको म्हणून. पहिल्या शंभरएक जोड्यांना मी तो बाण उघडला. मग सोडून दिला.

मूळ चूक त्याच्याही आधीची होती. ती थोडी समजावून सांगते. प्रत्येक रेकॉर्डला ओळख लागते, तिला आम्ही ‘की’ म्हणतो. रेल्वेत एकाच नावाचे दोन प्रवासी असू शकतात, म्हणून तिकिटावर पीएनआर असतो. नाव ही ओळख धरली तर एका प्रवाशाला गाडीतून उतरावं लागेल. शब्दांचंही तसंच. एका शब्दाचे दोन अर्थ असतात, म्हणून ओळख अर्थाला द्यायची, शब्दाला नाही. हे मला माहीत होतं. नवीन लोकांना मी स्वतः शिकवलेलं आहे. पण हे टेबल सोपं ठेवायचं म्हणून मी शब्दालाच की केलं. कोशातल्या ‘गभरामण’ला अर्थ होता घाबरणे, चिंता. हेतलबेनच्या ‘गभरामण’ला अर्थ होता जीव कोंडणे, छातीवर दाब येणे. सीट एकच होती. हेतलबेनचा उतरला.

लॉगमध्ये वेळही असते. त्या जोडीवर मी दोन सेकंद होते. आधीच्या जोडीवर तीन. नंतरच्या जोडीवर दोन.

मला तो क्लिक आठवत नाही. पण तो शब्द मला परका नव्हता. माझा जन्म नागरवाड्यातला. आमचे पूर्वज राजाच्या फौजेत आले आणि इथेच राहिले. घरी मराठी, पण उकाड्यात जिना चढून आलं की आमच्याकडे प्रत्येक जण ‘गभरामण झाली’ असंच म्हणतो. फक्त मराठी शाळेत आमच्या बाई असले शब्द लाल शाईने कापायच्या. ‘हे गुजराती झालं.’ त्यामुळे लिहायचं असलं की आजही माझा हात आपोआप कोशाकडे जातो. घरचा शब्द आणि कोशाचा शब्द समोरासमोर आले तर कोशाचाच बरोबर, हे मी कुणालाही न विचारता ठरवून टाकलेलं होतं.

हा झाला मंगळवार. मी उठून परागभाईंच्या केबिनमध्ये जायला हवं होतं. दहा पावलांवर होती. मी स्क्रीन बंद केला.

मनाला सांगितलं, आधी पूर्ण तपासू. एका शब्दावरून घाईने बोलायला नको. बुधवारी मी खरोखरच तपासत बसले. संध्याकाळी हेतलबेनचा फोन आला. आम्ही आपसात गुजरातीत बोलतो, इथे मराठीत लिहिते.

"सुलभाबेन, मी गभरामण टाकला होता ना? लाल म्हणून?"

"बघायला लागेल."

"मला चांगलं आठवतंय. तुम्ही माझ्या शेजारी बसला होतात. ते मला विचारतायत की तू यादी का नाही वाचलीस. अहो, त्या सकाळी माझ्याकडे सोळा लाल होते. मी हिरव्याकडे कधी बघणार? आणि लाल असता तर मी पहिला तोच फोन केला असता की नाही?"

"हो. मी बघते हेतलबेन."

"बघा हं. माझं बाकी काही म्हणणं नाही."

फोन ठेवला तेव्हा लॉग माझ्यासमोर उघडाच होता.

गुरुवार गेला, शुक्रवार गेला. मला नोकरी जाण्याची भीती होती असं म्हणता येणार नाही. इतक्या वर्षांत कोणी माझ्या कामाला चूक म्हटलं नव्हतं. ‘सुलभाबेनने बघितलंय ना, मग झालं’, असं ऑफिसात म्हणायचे. ते ऐकायची सवय लागली होती. दुसरं कारण मला सापडत नाही.

शनिवारी सकाळी एका साध्या कामासाठी मी हॉस्पिटलच्या डेस्कला फोन लावला. दुसऱ्याच बाईंनी उचलला.

"हेतलबेन आहेत का?"

"त्या आता नसतात इथे. त्यांना मेमो दिला ना. काल सामान घेऊन गेल्या."

मी लॉगमधल्या त्या दोन ओळींची पानं प्रिंट केली आणि परागभाईंच्या टेबलावर ठेवली. त्यांनी वाचली. पुन्हा वाचली.

"हे तुम्हाला कधी सापडलं?"

"मंगळवारी."

"आज शनिवार आहे, सुलभाबेन."

"हो."

त्यांनी पानं उलटी करून ठेवली.

"ऐका. मर्जची यादी आपण हॉस्पिटलला पाठवली होती. त्यांनी सही करून परत दिली. साइन-ऑफ झालं, म्हणजे जबाबदारी त्यांची."

"हजाराच्या वर ओळींची एक्सेल होती, परागभाई. दोन दिवसांची मुदत देऊन. कोण वाचणार?"

"वाचायला आपण अडवलं होतं का?"

"रिमार्कचा कॉलम आपण पाठवलाच नव्हता."

त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले.

"तुम्हाला काय करायचंय?"

"हा लॉग शाह डॉक्टरांना पाठवायचाय. हेतलबेनचं नाव निघायला पाहिजे."

"आणि आपलं यायला पाहिजे?"

"माझं."

"सोमवारपर्यंत थांबा. मी वर विचारतो."

"नाही थांबत. चार दिवस थांबलेच आहे."

त्यांनी मला थांबवलं नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. दुपारी बाराच्या आत मी मेल पाठवली. शाह डॉक्टर हॉस्पिटलच्या बाजूने हे काम बघत होते. सोमवारी त्यांनी बोलावून घेतलं. चिडले नाहीत. पानावर बोट ठेवून शांतपणे सगळं समजून घेतलं.

मी विचारलं, "सकाळी आले असते तर?"

"हार्टचा बराच भाग वाचला असता. खात्री कोणी देणार नाही. पण बराच."

"त्यांच्या घरी कोणी सांगितलंय का?"

"ते आम्ही बघू," डॉक्टर म्हणाले.

हेतलबेनचा मेमो मागे घेतला गेला. हॉस्पिटलच्या रिपोर्टमध्ये कारण लिहिलं गेलं, ‘डेटा एकत्रीकरणातील तांत्रिक त्रुटी’. त्या वाक्यात कोणाचंच नाव नव्हतं. हेतलबेनचं नव्हतं, ते बरं झालं. माझंही नव्हतं. मला दुसऱ्या प्रोजेक्टवर टाकायचं ठरलं, फक्त जायच्या आधी हे टेबल दुरुस्त करून द्यायचं होतं.

मी हेतलबेनना फोन केला. जे झालं ते सगळं सांगितलं. मंगळवारही सांगितला.

"मेमो मागे घेतल्याचं पत्र आलं," त्या म्हणाल्या. "पण मी आता जात नाही तिकडे. कारेलीबागेत एका म्हाताऱ्या बाईंना सांभाळायचं काम धरलंय."

"हेतलबेन, माझं—"

"ते राहू द्या. ‘ताण’चं काय केलंत?"

मला एकदम समजलं नाही.

"ताण हो. मुलाला ताण आली, म्हणतात ना. मी टाकला होता."

मराठीत ताण म्हणजे टेन्शन. गुजरातीत ताण येणे म्हणजे फीट येणे, आकडी. मी टेबल उघडलं. ‘ताण’ एकदाच होता. अर्थ : मानसिक दडपण. रंग : हिरवा.

जुने मेसेज काढून बघितले. ‘ताण’ लिहिलेले बरेच होते, बहुतेक खरोखरच टेन्शनचे. एक नव्हता. एका आईने लहान मुलीबद्दल लिहिला होता. तिलाही आपण शांत बसून दीर्घ श्वास घ्यायला सांगितलं होतं. सुदैवाने तिने आमच्या उत्तराकडे बघितलंच नाही. मुलीला उचलून सरळ कॅज्युअल्टीत आणलं. तशी नोंद मिळाली.

त्यानंतर मी सगळ्या मर्ज केलेल्या जोड्या उलट्या फिरवायला घेतल्या. ते जमेना. आम्ही बॅकअप दर आठवड्याला घ्यायचो आणि शेवटचे चारच ठेवायचो. मर्जला तीन महिने होऊन गेले होते. लॉगमध्ये शब्द आणि रिमार्क राहतात, पण अर्थ, वर्ग, रंग राहत नाहीत. जागा वाचावी म्हणून तसं मीच ठेवलं होतं. रिमार्क असलेल्या आणि उघडच एका अर्थाच्या जोड्या लागल्या. उरले ते तीनशेच्या आसपास नुसते शब्द. म्हणजे दरवाज्यावर नावाच्या पाट्या आणि आत घर नाही.

मी हेतलबेनना विचारलं, एकदा येऊन पुन्हा सांगाल का. बुधवारी दुपारी दोन वाजता त्या आल्या. म्हाताऱ्या बाई झोपतात, तेवढा वेळ. एकूण तीन दुपारी आल्या. पूर्वी त्या डब्यातून माझ्यासाठी काहीतरी आणायच्या. या वेळी खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "वाचा."

मी शब्द वाचायचे. त्या अर्थ सांगायच्या, रंग सांगायच्या. हात मात्र पूर्वीसारखाच अंगावर त्या जागी जात होता. पाणीसुद्धा घेतलं नाही. काही शब्दांवर अडायच्या.

"हा मला कोणीतरी सांगितला होता. फीमेल वॉर्डातली बाई होती. काय होत होतं तिला... नाही आठवत. सोडा."

असे चाळीसेक शब्द सुटले. ते मी सगळे लाल करून ठेवले. अर्थ माहीत नसेल तर निदान फोन तरी लगेच जाईल. तिसऱ्या दिवशी यादी संपली तेव्हा हेतलबेन उठल्या, गुडघा धरून जरा उभ्या राहिल्या.

"आता बाण नका ठेवू," एवढंच बोलल्या आणि गेल्या.

त्या सगळ्या गडबडीत दीड महिना झाला. पेशंटच्या घरी कोणी सांगितलं का, हे मी शाह डॉक्टरांना दोनदा विचारलं. दोन्ही वेळा ‘बघतो’. मग मी एक गोष्ट केली जी करायचा मला अधिकार नव्हता. पत्ता डेटाबेसमध्ये होता. मी तो बघितला.

पाणीगेटच्या आत, एका अरुंद गल्लीत तळमजल्यावर दोन खोल्या. दार उघडंच होतं. रमेश साळुंखे पलंगावर भिंतीला टेकून बसले होते. कोयलीकडच्या कारखान्यांत ते कॉन्ट्रॅक्टरकडे रिगर होते. रिगर म्हणजे क्रेनला जड सामान बांधणारा आणि उंचावर चढून ते जागेवर बसवणारा माणूस. खांदे अजून तसेच रुंद होते. बाकी अंग उतरलं होतं. त्यांची बायको वनिताबाई, साधारण माझ्याच वयाच्या, खाली बसून गवार निवडत होत्या.

मी म्हटलं, "हॉस्पिटलची मेसेजची सिस्टिम आहे ना, तिचं कम्प्युटरचं काम मी करते."

"या ना, बसा," त्या म्हणाल्या. आणि मी काही बोलायच्या आत त्यांनीच सुरुवात केली. "ताई, मीच चुकीचं लिहिलं हो. मुलगी नवसारीला असते, ती फोनवर म्हणाली, आई, चेस्ट पेन लिहायचं ना, गभरामण काय लिहिलंस? ते कुणाला कळणार? पण यांना दुखत नव्हतंच. मी विचारलं ना यांना. दुखतंय का? तर नाही. गभरामणच होत होती. मग मी तेच लिहिलं."

साळुंखे हळूच म्हणाले, "मी म्हटलं होतं रिक्षा बोलाव. ही म्हणाली, त्यांनी शांत बसायला सांगितलंय. मग बसलो."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. जे झालं ते सांगत होते.

"पाणी पण दिलं मी," वनिताबाई म्हणाल्या. "दर अर्ध्या तासाने. त्यात लिहिलं होतं म्हणून."

मी येताना रिक्षात वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही कामाला आलं नाही.

"वनिताबाई, तुम्ही लिहिलंत ते बरोबर होतं. अगदी बरोबर. गभरामणचा अर्थ आमच्याकडे नीट लिहिलेला होता. तो माझ्या हातून पुसला गेला. म्हणून मशीनला वाटलं की ते नुसते घाबरलेत. चूक माझी आहे. तुमची काहीच नाही."

त्यांचे हात थांबले. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"हे तुम्हाला कधी कळलं?"

"दुसऱ्याच दिवशी."

"मग आम्हाला का नाही सांगितलं? दीड महिना मी..."

हॉस्पिटल सांगणार होतं, असं म्हणता आलं असतं. खरंही होतं. पण त्या खोलीत ते बोलवेना.

मग त्या म्हणाल्या, "हे लिहून द्याल?"

"काय?"

"मी बरोबर लिहिलं होतं, ते. मुलीला दाखवायला."

साळुंख्यांनी उशाखालून औषधांचं एक बिल काढून दिलं, मागची बाजू कोरी होती. मी लिहिलं, ‘वनिता रमेश साळुंखे यांनी हॉस्पिटलला पाठवलेला शब्द बरोबर होता. चूक तो शब्द कम्प्युटरमध्ये ठेवणाऱ्या माणसाची होती.’ खाली पूर्ण नाव लिहून सही केली. वनिताबाईंनी तो कागद ओठ हलवत दोनदा वाचला. चार घड्या घातल्या आणि देव्हाऱ्यातल्या फोटोच्या मागे सरकवला. मग परत गवार निवडायला बसल्या. मला कोणी चहा विचारला नाही. विचारला असता तर मला घेता आला नसता.

कंपनीला हे कळलं. परागभाईंनी मला समोर बसवून विचारलं, "सही करून दिलीत? कशावर?"

"बिलाच्या मागे."

त्यांनी कपाळावर हात मारला. मला लेखी समज मिळाली, त्या वर्षी बढतीच्या यादीतून माझं नाव गेलं. साळुंख्यांच्या घरून मात्र कधी कोणी तक्रार केली नाही. वकील आला नाही, नोटीस आली नाही. ऑफिसात सगळ्यांना हायसं वाटलं. मला नाही वाटलं. त्यांनी काहीतरी केलं असतं तर बरं झालं असतं, असं मला पुष्कळ दिवस वाटत राहिलं.

रमेश साळुंखे परत कामावर गेले नाहीत. पुढच्या थंडीत ते गेले. मला डेस्कवरच्या बाईंकडून समजलं, तेही दुसरंच काही बोलता बोलता. मी घरी भेटायला गेले नाही. त्या घरात मी कोण म्हणून जाणार होते?

ते टेबल आता दुसरे लोक सांभाळतात. ओळख शब्दाला नाही, अर्थाला आहे. ‘गभरामण’च्या दोन नोंदी आहेत, ‘ताण’च्याही. शब्द दोन अर्थांचा असेल तर सिस्टिम आपण होऊन ठरवत नाही, सरळ लाल करते आणि नर्स विचारून घेते. त्यामुळे लाल यादी लांब झाली, म्हणून हॉस्पिटल अधूनमधून कुरकुर करतं. रिमार्क स्क्रीनच्या मधोमध दिसतो आणि तो वाचल्याची खूण केल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. हेतलबेन कारेलीबागेतच आहेत. दिवाळीला मी मेसेज करते. त्या दोन हात जोडलेलं चित्र पाठवतात.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी दोन गोष्टी सांगते. दोन नोंदी सारख्या दिसल्या तर एक पुसायच्या आधी, ती ज्याने लिहिली त्याला फोन करून विचारा. दोन मिनिटं लागतात. आणि आपली चूक मंगळवारी सापडली तर मंगळवारीच सांगा. शनिवारपर्यंत थांबणं ही दुसरी चूक असते, आणि ती कुठल्याही लॉगमध्ये सापडत नाही.